रोलरवाल्याची गाणी

३ मार्च

चि. खारूताई,

उत्तराची अपेक्षा नाही, असं मागच्या तिन्ही पत्रांत लिहिलं होतं आणि तिन्ही वेळा पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलो होतो. म्हणून या वेळी तसं काही लिहीत नाही. फोन तू उचलत नाहीस, घरचा पत्ता दिलेला नाहीस, तेव्हा हेही छापखान्याच्याच पत्त्यावर पाठवतो आहे. पाकिटावर माझं नाव घातलेलं नाही. कुणी विचारलं तर विम्याचं काहीतरी आहे म्हण.

माझं बरं चाललंय. चष्म्याच्या दुकानावरची कानतपासणीची खोली अजून आहे, आतला काचेचा बूथ आहे, मीही आहे. खालचे चष्मेवाले म्हणतात, "एकसष्ट झालं, आता बंद करा." बंद करून जायचं कुठे, ते सांगत नाहीत. घरी गेलो की टीव्ही लावतो. काय चाललंय ते बघत नाही, घरात कुणीतरी बोलत असलं की झालं.

लिहायचं कारण वेगळंच आहे. आज सकाळी रस्तेखात्यातला एक माणूस वार्षिक तपासणीला आला. सव्वीस वर्षं रोड रोलर चालवतो. पन्नाशी उलटलेला, नखांत डांबर, बोलताना समोरच्याच्या ओठांकडे बघण्याची सवय. अशा माणसाचा ग्राफ कसा येणार हे मला दारातच कळतं. त्याला बूथमध्ये बसवलं, हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. दार लावून बाहेर आलो तर ग्राफचे कागद संपलेले. कपाटात शोधायला लागलो. आतला माइक माझ्या कानात चालू असतो, हे त्याला काय माहीत. तो गायला लागला.

बूथमध्ये एकटी असली की माणसं खोकतात, जांभया देतात, एक मास्तर तर सुनेच्या नावाने बोटं मोडायचे. गाताना मी बत्तीस वर्षांत कुणाला ऐकलं नव्हतं. आणि हे सिनेमातलं गाणं नव्हतं. एवढंच लक्षात राहिलं:

मी केलेला रस्ता गेला
माझं घर वगळून.

आवाज काही खास नाही. वर जाताना फाटतो. पण बोलता बोलता सूर लागला आणि आता मध्येच थांबणं बरं दिसणार नाही, असं गातो. कागद सापडले होते, तरी मी ते हातात घेऊन उभाच राहिलो.

तपासणी झाल्यावर विचारलं, "गाणं कुणाचं?"

त्याने कानामागे हात धरला. मी पुन्हा विचारलं.

"माझंच," तो म्हणाला. "माफ करा साहेब. आत फार शांत होतं. इतकं शांत असलं की मला धास्ती वाटते."

मी म्हटलं, "मलाही."

हे त्याला ऐकू आलं की नाही, कुणास ठाऊक. जाताना म्हणाला, रविवारी दुपारी आमच्या यार्डात या, आम्ही काहीजण बसतो. मी नेहमीप्रमाणे बघू म्हटलं.

जेवणखाण वेळेवर करत जा.

बाबा


९ मार्च

खारूताई,

गेलो होतो. तू हसशील. शेजारच्या घरी बोलावलं तर डोकं दुखतं म्हणणारा माणूस दोन बस बदलून रोलर ठेवायच्या शेडमध्ये गेला.

पत्र्याची शेड आहे. तीन रोलर, खडीचा ढीग, डांबराची रिकामी पिंपं. त्या पिंपांवर आम्ही आठजण बसलो होतो आणि एक कुत्री खाली सावलीत. रोलरवाल्याची गिटार एका बंद पडलेल्या शाळेच्या सामानातून आलेली आहे. पट्टा नाही, दोरी बांधली आहे. शिकवायला कुणी नव्हतं. दुपारच्या सुट्टीत रोलरच्या सावलीत बसून शिकला म्हणाला. गाणी सगळी त्याचीच. कुठे छापलेली नाहीत. टायरच्या दुकानातल्या एकाने दोन गाणी मोबाइलवर टाकली आहेत, ती आजवर साठ-सत्तर वेळा ऐकली गेली. काल संध्याकाळपासून त्यात माझीच भर पडते आहे.

त्याने आईचं गाणं म्हटलं. आई दवाखान्यात होती आणि याची पाळी होती रस्त्यावर. गरम डांबर ओतलं की थांबता येत नाही, गार व्हायच्या आत दाबावंच लागतं. हे सगळं त्याने गाण्याच्या आधी नुसतं सांगितलं, हवापाण्याचं बोलावं तसं. मग:

संध्याकाळी येतो म्हटलं,
डांबर गरम होतं.
पोचलो तेव्हा खाटेवरती
दुसरंच कोणी होतं.

पिशवीत दिला चष्मा तिचा,
चपला आणि कंगवा.
रस्ता मात्र वेळेत झाला,
साहेबांना सांगा.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. एकाने चहाचा स्टोव्ह पेटवला. मला तुझ्या आईची दवाखान्याने दिलेली पिशवी आठवली. ती अजून तशीच गाठ मारलेली कपाटात आहे. तू गेल्यापासून उघडायला कुणी नाही, आणि मी एकटा उघडणार नाही.

निघताना मी त्याला म्हटलं, "हे रेडिओवर द्या. लोकांनी ऐकायला पाहिजे."

"एकदा गेलो होतो," तो म्हणाला. "चांगली माणसं होती. म्हणाली, शेवट जरा गोड करा, आई भेटते असं करा. मी म्हटलं, पण भेटली नाही ना."

"मग?"

"मग काय, चहा पाजला आणि पाठवलं."

तो हसला, म्हणून मीही हसलो. घरी येऊन ओट्यापाशी उभ्या उभ्याच जेवलो. ताट घेऊन बसावं असं वाटेना.

बाबा


२१ मार्च

खारूताई,

एक गोष्ट घडली, ती तुला सांगावीशी वाटते. का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

रोलरवाल्याचा अहवाल माझ्याकडे पडून होता. दोन्ही कान चार हजारांच्या उंच पट्टीला सत्तर डेसिबलपर्यंत खाली गेलेले. त्याच्या खात्याचा नियम असा की एवढं उतरलं की यंत्रावर बसता येत नाही. मी दोन आठवडे सही टाळली. शेवटी त्याला बोलावलं, दार लावलं आणि म्हटलं, "थोडं इकडेतिकडे करता येतं. आकडे जरा वर धरले की हे वर्ष निघून जाईल."

हे मी आपणहून म्हटलं. त्याने मागितलं नव्हतं.

त्याने माझ्या ओठांवरून ते वाचलं. मग म्हणाला, "गेल्या महिन्यात रोलर मागे घेत होतो. मागे एक बाई टोपली घेऊन उभी. माणसं ओरडली म्हणे. मला काही ऐकू आलं नाही. एकाने हाताला धरून तिला ओढली म्हणून निभावलं." पुढे म्हणाला, "तेव्हापासून मागे घ्यायच्या आधी दर वेळी खाली उतरून बघतो साहेब. जे आहे ते लिहा."

"नोकरी?"

"फाटकावर बसवतील. बसू."

मी आहे ते लिहिलं. सही करताना मी मान वर केली नाही. तो मात्र भिंतीवरचं कानाचं चित्र बघत बसला होता. आत एवढी लांब गोगलगाय असते होय, म्हणाला.

तू म्हणशील, आकडे इकडेतिकडे करायचं बाबांना इतकं सहज कसं सुचलं.

दोन वर्षांपूर्वी, आई जाऊन महिना झाला होता, तू बॅग भरून दारात उभी होतीस. तू विचारलंस, "माझा डावा कान गेलाय हे शाळेतून चिठ्ठी येईपर्यंत तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? रोज दहा माणसांचे कान तपासता आणि घरातलं कळलं नाही?" मी म्हटलं, नाही. तू म्हणालीस, "आई म्हणाली होती, बाबांना विचार." मी पुन्हा नाही म्हटलं. तू सात वर्षांची होतीस, शाळेतून बाईंची चिठ्ठी आली, तेव्हाच आम्हा दोघांना कळलं. मी तेव्हा हेच सांगितलं. आजही हेच

इथे दिवसभर थांबलो होतो. ते वाक्य पुरं करत नाही. पत्र असंच टाकतो.

बाबा


१७ एप्रिल

खारूताई,

रोलरवाल्याला कानाचं मशीन बसवलं. कानात मऊ लगदा भरून साचा घेताना तो लहान मुलासारखा डोळे मिटून बसला होता. मशीन चालू केलं तेव्हा पहिल्यांदा त्याला ऐकू आला तो माझ्या कागदांचा आवाज. म्हणाला, "कागद एवढं बोलतात?" मग बाहेर पायऱ्यांवर जाऊन कितीतरी वेळ रस्ता ऐकत उभा राहिला. आमच्या धंद्यात असे दिवस येतात. रात्री घरी जाऊन कुणाला सांगावेत असे.

पण गिटारचं काही जमलं नाही. मशीन काढलं तर बारीक तारा लोकरीच्या झाल्यासारख्या वाटतात म्हणतो, आणि लावलं तर पत्र्याच्या. मी तीनदा जुळवून दिलं. शेवटी म्हणाला, "राहू द्या. माणसांसाठी लावीन, गाण्यासाठी काढीन. तारा कशा वाजतात ते मला पाठ आहे."

त्याला यार्डाच्या फाटकावर बसवलंय. येणाऱ्या गाडीचं नाव-नंबर वहीत लिहायचं. मागच्या रविवारी नवं गाणं होतं:

फाटकापाशी बसतो आता,
येणाऱ्याला नाव पुसतो.
स गेला, श गेला,
उरलं तेवढं लिहीत बसतो.

त्याच्या जुन्या सोबत्यांपैकी एक रोलरवर चढला होता, तो हे ऐकून खाली उतरला आणि शेडच्या मागे गेला. गाणारा मात्र शांत. मला वाटतं, त्याचं रडणं गाणं लिहितानाच होऊन जात असावं.

चहा घेताना त्याने विचारलं, "साहेब, तुमच्या घरी कोण कोण?"

"मुलगी आहे. दुसऱ्या शहरात. छापखान्यात असते." आणि मग, का कोण जाणे, म्हणालो, "तिला एका कानाने ऐकू येत नाही."

"जन्मापासून?"

"नाही. गालगुंड झाले होते, त्यात गेला."

"कधी कळलं?"

"सात वर्षांची असताना."

"आणि गालगुंड?"

"पाचव्या वर्षी."

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला तसं बघावंच लागतं, त्यात काही संशय नव्हता. म्हणाला, "तुमच्यासारख्या माणसाला दोन वर्षं कळलं नाही?"

मशीन लावलेलं होतं त्याने. मी काहीतरी पुटपुटलो. ते त्याला ऐकू आलं असणार, पण त्याने पुढे विचारलं नाही. माझा कप विसळून ठेवला.

बाबा


१९ एप्रिल

खारूताई,

आज रविवार आहे, यार्डात गेलो नाही. सकाळपासून टेबलापाशी बसलोय. जे झालं ते क्रमाने लिहितो. मध्ये मध्ये स्वतःची बाजू मांडावीशी वाटेल, ती वाक्यं खोडून टाकीन.

तू पाच वर्षांची होतीस. ताप आला, गाल सुजले. आई म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ. मी म्हटलं, गालगुंड सगळ्याच पोरांना होतात, दोन दिवसांत उतरेल. ती तिसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, उगाच घाबरतेस. आठवडाभराने तू उठून खेळायला लागलीस आणि मी आईला म्हटलं, बघ, काय सांगत होतो.

दोन महिन्यांनी एका सुट्टीच्या दिवशी तू माझ्याबरोबर कामावर आलीस. बूथमध्ये बसायचा हट्ट धरलास. मी म्हटलं, चिमणी ओरडली की बटण दाबायचं. उजव्या कानाला तू एकही चिमणी सोडली नाहीस. मग डाव्या कानाला लावलं. तू बटण हातात धरून माझ्याकडे काचेतून बघत बसलीस. मी आवाज वाढवत गेलो. वायर बघितली. हेडफोन उलटे घालून पाहिले, तर आधी मुकी वाटलेली तीच बाजू उजव्या कानावर छान वाजली. यंत्रात काही बिघाड नव्हता. चांगल्या कानाने मदत करू नये म्हणून त्यात घोंगावणारा आवाज सोडला, तेव्हा तू हसलीस, म्हणालीस, "बाबा, पंखा लागला." मी नव्वदपर्यंत गेलो. तू बटण दाबलं नाहीस. उलट विचारलंस, "चिमण्या कुठे गेल्या?"

मी म्हटलं, झोपल्या.

तो ग्राफ मी फाडला. घरी आईने विचारलं, काय केलं दोघांनी दिवसभर, तर म्हटलं, खेळलो.

औषधाने कान वाचला नसता. गालगुंडात गेलेला कान परत येत नाही, हे मला माहीत होतं आणि आईलाही समजावता आलं असतं. तिने चार दिवस रडून मग तुला शाळेत पुढच्या बाकावर उजवा कान बाईंकडे करून बसवलं असतं. एवढंच करायचं होतं. मी ते केलं नाही, कारण तिने मला दोनदा सांगितलं होतं आणि मी दोनदा उडवून लावलं होतं. हे एवढंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडत नाही.

मग दोन वर्षं मी कानाडोळा केला. तू हाकेला ओ देत नव्हतीस, कारण मी कुठून हाक मारतो ते तुला कळत नव्हतं. आत्या म्हणायची, एका कानाने ऐकते आणि दुसऱ्याने सोडून देते, आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. शाळेत तुला लक्ष नाही म्हणून वर्गाबाहेर उभं करत. एकदा जेवताना मी तुला पाणी आण म्हटलं, तू ऐकलं नाहीस आणि सगळ्यांसमोर मी तुला थोबाडीत मारली. मला माहीत होतं तू का ऐकलं नाहीस. न मारलं तर कुणाला शंका येईल असं वाटलं. हे खोडावं की ठेवावं याचा बराच वेळ विचार केला. ठेवतो.

सातव्या वर्षी बाईंची चिठ्ठी आली. मी चकित झाल्याचं दाखवलं. आईला शेजारी बसवून पुन्हा तपासणी केली, कपाळाला हात लावला. त्या दिवशी मला वाटलं, सुटलो.

तुझ्या आईला कळलं होतं. अकरा वर्षांनी, भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "चिठ्ठी आली त्या दिवशी उजव्या कानाला तुम्ही अगदी बारीक आवाजापासून सुरुवात केली. डाव्याला एकदम नव्वदवर." मी पेपरचं पान उलटलं. तिने भाजी उचलली आणि आत गेली. पुन्हा कधी तिने विषय काढला नाही. पण त्यानंतर काही दुखलं-खुपलं की ती मला न सांगता डॉक्टरकडे जायची. शेवटचं दुखणंही मला उशिरा कळलं, ते त्यामुळे.

दारात तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

माफ कर, असं लिहिणार होतो. ते लिहिलं की तुला काहीतरी करणं भाग पडेल, म्हणून लिहीत नाही. रोलरवाल्याच्या गाण्यांत तो कधी माफी मागत नाही. काय झालं ते सांगतो आणि गिटार खाली ठेवतो. मला तेवढंही नीट जमलेलं नाही, चार ठिकाणी खोडलंय.

बाबा


२३ मे

खारूताई,

तुझं पाकीट आत्ता मिळालं. तुझं अक्षर बघून खाली चष्मेवाल्यांच्या बाकावरच बसलो. त्यांनी विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, मुलीचं पत्र आहे.

आत पत्र नव्हतं. तुझ्या उजव्या कानाचा ग्राफ होता, गेल्या आठवड्यातला, तिकडच्या कुठल्या दवाखान्याचा, आणि मागे तीन शब्द: हे बघून सांगा. अप्रिय काही आहे म्हणूनच तू पाठवला असणार, हे धरून वर आलो आणि दिव्याखाली तीनदा वाचला.

सांगतो. कान थोडा उतरला आहे. दोन हजारांपर्यंत सगळं उत्तम आहे. चार हजारांवर पस्तीसचा खड्डा आहे, आठ हजारांवर पुन्हा वर येतो. असा खड्डा आवाजामुळे पडतो. छपाईच्या यंत्राजवळ तू रोज किती तास असतेस ते मला माहीत नाही, पण हे त्याचंच आहे. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं सगळं राखता येईल, आणि तुला ते राखावंच लागेल, कारण तुला दुसरा कान नाही. उद्यापासून यंत्राजवळ कानांवर आवाज अडवणारे जाड मफ घाल, कापूस चालत नाही. मालकाला सांगून जागा बदलून घे. नाही म्हणाला तर लेखी अहवाल मी देतो. सहा महिन्यांनी पुन्हा तपास. माझ्याकडेच यायला हवं असं नाही, कुठेही कर. फक्त आधी दोन दिवस यंत्रापासून लांब राहा, नाहीतर आकडे खोटे येतात.

यातलं काही मी कमी करून सांगितलेलं नाही आणि वाढवूनही नाही. तुला भीती वाटेल. मलाही वाटते आहे.

पाकीट सव्वाअकराला आलं. आता साडेअकरा झालेत. बाराच्या टपालात हे पडेल.

बाबा